राखाडी जन्मली म्हणून ग्रे होईलच का? एका शिंगराच्या रंगाचं प्रकरण

शिंगरू जन्मलं रात्री २ वाजून २८ मिनिटांनी. रंगाचा प्रश्न आला २ वाजून ४० मिनिटांनी.

"डॉक्टर, आईवरच गेली ना? बघा की, राखाडी आहे!"

घोडीची मालकीण, जिला आम्ही सगळे ताईच म्हणतो, दाराच्या आडव्या दांडीवर हात टेकून आत बघत होती. मी गुडघ्यावर बसून शिंगराचा श्वास मोजत होतो. म्हटलं, "ताई, रंगाचं सकाळी बोलू. आधी ती उभी राहू दे, दूध पिऊ दे."

त्या एका प्रश्नासाठीच हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. ताईंना जी आशेची खूण वाटली, ती खरं तर उलट दिशेची खूण होती. जन्मतः राखाडी दिसणारं शिंगरू मोठेपणी बहुधा ग्रे, म्हणजे वयाबरोबर पांढरं पडत जाणारं, होत नाही. घोड्यांमध्ये वावरलेल्या माणसांचीही इथे फसगत होते आणि त्यातून चुकीचे रंग कागदावर चढतात.

घोडी, नर आणि हाती असलेली माहिती

घोडीचं नाव चांदणी, वय १४. अंग पांढरंशुभ्र, कातडी काळी. तोंडाच्या टोकाला आणि डोळ्यांभोवती ती काळी कातडी केसांतून दिसते. ताईंकडे आली तेव्हा आठ वर्षांची होती आणि जवळजवळ पांढरी झालेली. तिच्या लहानपणीचा एकही फोटो नाही. कागदावर रंगाच्या रकान्यात 'ग्रे' एवढाच शब्द. आई चेस्टनट, म्हणजे आयाळ-शेपटीसकट लालसर तांबडी, बाप ग्रे. चांदणी ज्याच्याकडून भरवली तो नर चेस्टनट, कपाळावर चांद, मागचा एक पाय घोट्यापर्यंत पांढरा.

माहिती तुटपुंजी वाटते, पण तिच्यातून बरंच निघतं.

ग्रे हा तसा रंग नाहीच. शिंगरू काळं, तांबडं, तपकिरी अशा कुठल्याही रंगात जन्मतं आणि ग्रेचा जनुक तो रंग वर्षागणिक पुसत नेतो. केसांच्या मुळाशी असलेला रंगपेशींचा साठा लवकर संपतो, कातडी मात्र काळीच राहते. या मागचा बदल २००८ साली सापडला: एसटीएक्स१७ या जनुकातला सुमारे ४,६०० अक्षरांचा तुकडा दोनदा लिहिला गेलेला असतो. २०२४ साली पुढची गोष्ट कळली. काही घोड्यांत तोच तुकडा तीनदा असतो आणि ते झपाट्याने पांढरे होतात. दोनदा असेल तर पांढरं होणं संथ असतं. आईबापांपैकी एकाकडून एक प्रत आली तरी घोडा ग्रे होतो. आणि हा जनुक लपून राहत नाही, त्यामुळे ग्रे शिंगराच्या आईबापांत निदान एक तरी ग्रे असावाच लागतो.

चांदणीची आई ग्रे नव्हती. म्हणजे चांदणीकडे ग्रेची एकच प्रत, बापाकडून आलेली. नर ग्रे नाही. म्हणजे शिंगरू ग्रे होण्याची शक्यता बरोबर निम्मी, नाणं उडवल्यासारखी. ताईंना मी हे घोडी भरवण्याआधीच सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं, मान डोलावली आणि मनात पांढरं शिंगरूच धरून ठेवलं. चांदणीवर त्यांचा जीव आहे. अशा माणसाला 'निम्मी शक्यता' हे शब्द ऐकू येतात, पण मनात उतरत नाहीत, आणि त्यात मला गैर काहीच वाटत नाही.

ती रात्र

गर्भाचा ३४३ वा दिवस होता. घोडीचा गर्भकाळ सरासरी ३४० दिवसांचा धरतात. ३२० ते ३६५ पर्यंत सगळं स्वाभाविक. दोन दिवस आधी सडांच्या टोकांवर मेणासारखे पिवळट थेंब जमले होते, कास भरून आली होती. त्यामुळे रात्रपाळी लावली होती.

२ वाजून १० मिनिटांनी पाणमोट फुटली. त्यानंतर जे दिसतं ते पांढरट-निळसर, चकचकीत पडद्यात गुंडाळलेलं असावं. त्याऐवजी लाल, मखमली पिशवी बाहेर आली तर वार आधीच सुटली आहे आणि शिंगराचा प्राणवायू तुटला आहे असं समजून ती तिथल्या तिथे फाडावी लागते. डॉक्टरची वाट बघायची नाही. इथे पांढरा पडदा दिसला. एक खूर पुढे, दुसरा थोडा मागे, दोन्हींचे तळवे जमिनीकडे, गुडघ्यांवर नाक टेकलेलं. मी हात मागे बांधून उभा राहिलो. अठरा मिनिटांत शिंगरू गवतावर होतं.

नाळ कापली नाही. घोडी पडून होती, शिंगरू तिच्या मागच्या पायांशी, दोघं तशीच दहा-बारा मिनिटं. घोडी उठली तेव्हा नाळ आपोआप, जिथे तुटायची तिथेच तुटली. बेंबी ०.५ टक्के क्लोरहेक्सिडीनच्या पाण्यात बुडवली. तीव्र आयोडीन ओतायची जुनी सवय अजून काही ठिकाणी आहे. ते तिथली कातडी जाळतं, म्हणून मी वापरत नाही.

नवजात शिंगराचे खूर ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी एकदा जवळून पाहावेत. खुरांच्या टोकाला मऊ, पिवळसर, ओल्या पिसांसारख्या झालरी असतात. पोटात लाथा मारताना आईला इजा होऊ नये म्हणून ही निसर्गाची सोय. शिंगरू चालू लागलं की त्या काही तासांत झिजून जातात. दरवेळी मी त्या बोटाने चाचपून बघतो. इतक्या वर्षांनंतरही त्याचं नवल ओसरलेलं नाही.

पहिल्या रात्रीचा हिशोब सोपा आहे: एका तासात उभं राहणं, दोन तासांत दूध पिणं, तीन तासांत वार पडणं. ही ३ वाजून १२ मिनिटांनी उभी राहिली, चौथ्या प्रयत्नात. आधी भिंत चोखली, मग आईचा गुडघा, मग ४ वाजून ५ मिनिटांनी सड सापडला. ४ वाजून ३५ मिनिटांनी वार पडली. ती जमिनीवर पसरून पाहिली; दोन्ही शिंगं, म्हणजे वारेच्या दोन निमुळत्या बाह्या, शाबूत होती. शिंगरू नसलेल्या बाजूच्या शिंगाचं टोक आत राहून जायची खोड असते, म्हणून ते टोक मी नेहमी हातात धरून बघतो. वजन ५.२ किलो, शिंगराचं ४७. वार शिंगराच्या वजनाच्या ११ टक्क्यांच्या आसपास असली की माझा जीव भांड्यात पडतो.

चिकाबद्दल एकच सांगतो. घोडीच्या वारेतून रोगप्रतिकारक प्रथिनं शिंगरापर्यंत पोचत नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात. आतड्याची ती शोषून घ्यायची ताकद पहिल्या काही तासांतच उतरू लागते आणि २४ तासांत दार बंद. अठराव्या तासाला रक्त तपासलं. प्रति डेसिलिटर ८०० मिलिग्रॅमच्या वर आयजीजी, म्हणजे हेच रोगप्रतिकारक प्रथिन, होतं, म्हणजे पुरेसं.

सकाळी सातला एक छोटं विघ्न आलं. शिंगरू शेपूट उचलून कुंथत होतं, दूध मध्येच सोडत होतं. पहिली काळी, चिकट लीद अडकली होती. कोमट साबणपाण्याचा हलका एनिमा दिला. वीस मिनिटांत डांबरासारख्या गोळ्या बाहेर, आणि मागोमाग पिवळी मऊ लीद. मग ती आईच्या पोटाखाली अशी काही घुसली की मी तिथेच गवतावर बसून पाच मिनिटं नुसता बघत राहिलो.

रात्री रंगाकडे बघायचं नाही हा माझा नियम आहे. त्याला एक अपवाद. आईबाप दोघंही अंगावर पांढरे डाग आणणाऱ्या फ्रेम नावाच्या जनुकाचे वाहक असतील आणि शिंगरू जवळजवळ पूर्ण पांढरं जन्मलं, तर तो रंग म्हणजेच आजाराची खूण असते. अशा शिंगराच्या आतड्यात मज्जातंतू तयारच झालेले नसतात आणि ते वाचत नाही. इथे तसा संबंध नव्हता.

सकाळी दहा वाजता, उन्हात

केस वाळले होते. मायलेकींना अंगणात घेतलं आणि मी वहीत उतरवत गेलो.

अंग उंदराच्या रंगाचं, राखाडीत तपकिरी झाक. आयाळीचा ब्रश आणि शेपूट जास्त गडद. कानांच्या कडा काळ्या. पोट आणि मांड्यांची आतली बाजू फिकट. पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत एक गडद पट्टा, कडा धूसर. डोळे निळसर पाटीच्या रंगाचे. बऱ्याच शिंगरांचे असतात आणि पुढे काळवंडतात, त्यावरून काही ठरवू नये. कपाळावर नखाएवढा चांद, खाली गुलाबी कातडी. रात्री ओल्या अंगावर तो दुप्पट वाटला होता. बाकी सगळी कातडी काळी.

आणि पाय. गुडघ्याखाली चारही पाय अंगापेक्षा फिकट, मागच्या बाजूला तर जवळजवळ दुधी राख.

माझ्या मते निम्मा निकाल इथेच लागला. सामान्य शिंगरांचे पाय फिकट असतात. बे घोड्याचे, म्हणजे जुने लोक ज्याला कुमैत म्हणतात त्या तपकिरी अंगाच्या घोड्याचे, पाय मोठेपणी काळे असतात. पण शिंगरू असताना तेही मातकट असतात आणि पहिले केस गळल्यावर काळे निघतात. काळ्या घोड्याचं शिंगरूही बहुतेक वेळा काळं नसतं, उंदरी असतं. ग्रेचा जनुक असलेलं शिंगरू मात्र अनेकदा मोठ्या घोड्यासारखा पूर्ण पिकलेला रंग घेऊनच येतं. बे असेल तर पहिल्या दिवशीच काळे पाय. काळं असेल तर कोळशासारखं चकचकीत. जो पुढे पांढरा व्हायचा तो सुरुवातीला सगळ्यांत गडद. याचं मूळ कारण मला दोन वाक्यांत सांगता येणार नाही, पण तबेल्यात ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. म्हणूनच आईबापांत एक ग्रे असताना कोणी "काळंभोर शिंगरू झालं" म्हणून पेढे वाटायला निघालं, तर मी आधी त्याच्या पापण्या बघायला सांगतो.

मग पापण्या. ग्रे होणाऱ्या शिंगराचे पांढरे केस बहुधा डोळ्यांभोवती सर्वांत आधी उगवतात, काहींना जन्मतःच. अंगठ्याने वरची पापणी ताणून, केस उलटे फिरवून बघावं लागतं. एकेक सुटा पांढरा केस, मुळापासून टोकापर्यंत पांढरा, शोधायचा. दोन्ही डोळे पाहिले. एकही मिळाला नाही.

ही खूण शंभर टक्के पक्की नाही. फिकट पायांची शिंगरंही कधी कधी ग्रे होतात आणि पांढरे केस महिन्यांनी उगवतात. पण फिकट पाय आणि स्वच्छ पापण्या एकत्र असल्यावर माझा कौल ठरला होता.

आता राहिलेला घोळ

ग्रे नसेल तर मग काय? खरी डोकेफोड इथे होती.

घोड्याच्या मूळ रंगाचे दोन मुख्य दरवाजे आहेत. पहिला एमसी१आर हा जनुक, ज्यातला बदल १९९६ साली सापडला. इथे दोन्ही प्रती अधू असतील तर घोडा काळं रंगद्रव्य केसात आणूच शकत नाही आणि चेस्टनट होतो. एक जरी शाबूत असेल तर काळा रंग शक्य. दुसरा दरवाजा अगुटी, २००१ साली उलगडलेला. तो काळ्या रंगाला हद्दीत ठेवतो: पाय, आयाळ, शेपूट, कानांच्या कडा. हद्द असेल तर बे, नसेल तर सगळं अंग काळं.

नर चेस्टनट, म्हणजे त्याच्याकडून शिंगराला काळ्याची शाबूत प्रत येणं अशक्य. शिंगराच्या कानांच्या कडा आणि शेपूट काळी आहेत, म्हणजे ती शाबूत प्रत चांदणीची. चौदा वर्षं पांढऱ्या केसांखाली लपलेली गोष्ट लेकीने एका सकाळी उघड केली! चांदणीची आई चेस्टनट होती, म्हणून चांदणीकडे एक अधू प्रत आहे हे आधीच माहीत होतं. आता दुसरी शाबूत आहे हेही कळलं. मला या कामात सगळ्यांत जास्त आनंद अशा क्षणी होतो.

बे की काळी? गडद बे शिंगरूही राखाडी दिसू शकतं. पण बेच्या अंगात कुठे ना कुठे लाल-तपकिरी ऊब दिसते, विशेषतः बरगड्यांवर आणि तोंडाच्या टोकाशी. हिच्यात ती नव्हती. काळी, असं वहीत लिहिलं.

मग तो पाठीवरचा पट्टा. तबेल्यातले काका, ज्यांनी माझ्यापेक्षा जास्त शिंगरं हाताळली आहेत, ते पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, "डॉक्टर, ही डन निघाली तर?" मी चटकन म्हणालो, "आईबापांत कोणी डन नाही, काका." आणि बोलून झाल्यावर माझंच मला चुकलेलं कळलं. डन हा अंगाचा रंग फिकट करणारा प्रबळ जनुक आहे, आईबापांपैकी एकात दिसायलाच हवा, इथवर ठीक. पण चांदणी पांढरी आहे. पांढऱ्याखाली डन असला तरी कोणाला दिसणार? तिचा बापही ग्रे. आईच्या बाजूने डन नाकारायला माझ्याकडे काहीच आधार नव्हता. काळ्यावर डन आला की मोठेपणीही उंदरी रंगच राहतो, पाठीवर पट्टा आणि पायांवर आडव्या रेघा. म्हणजे आज दिसत होतं नेमकं तेच.

काकांची शंका बरोबर होती आणि ती मी त्यांच्या नावाने वहीत लिहिली.

खऱ्या डनचा पट्टा आखल्यासारखा असतो, कडा सरळ. पायांवर रेघा, कधी खांद्यावर आडवी छाया. साध्या शिंगरांच्या पाठीवरही पट्टा असतो, पण तो धूसर आणि पहिल्या केसांबरोबर जाणारा. हिचा पट्टा धूसर बाजूचा. पायांवर रेघा मला दिसल्या नाहीत, काकांना एका गुडघ्यावर दिसल्यासारख्या वाटल्या.

चौथी शक्यता क्रीमची, म्हणजे रंग फिकट करणाऱ्या आणखी एका जनुकाची. चेस्टनटवर क्रीमची एक प्रत आली की सोनेरी पालोमिनो, बेवर आली की पिवळसर बकस्किन. पण काळ्यावर ती जेमतेम कळते. नर साधा चेस्टनट, म्हणून त्याच्याकडून क्रीम नाही. चांदणीकडून? पुन्हा तोच पांढरा पडदा. ग्रे घोडी म्हणजे बंद पाकीट असतं.

वहीतली नोंद अशी: 'अंदाज काळी. ग्रे नाही, बऱ्यापैकी खात्री. डन शक्य, पहिले केस गळेपर्यंत थांबणे. क्रीम नुसत्या डोळ्यांनी ठरणार नाही.'

ताईंना सांगताना

"म्हणजे पांढरी नाही होणार?"

"नाही वाटत, ताई. आज ती राखाडी दिसते, पण चांदणी जन्मली तेव्हा बहुधा अशी नसणार; गडद असणार."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग चांदणीच्या मानेवर हात फिरवत म्हणाल्या, "हिच्यासारखी दुसरी नाही मिळायची, एवढंच."

त्यांना मी एक गोष्ट आठवण करून दिली. चांदणीच्या शेपटीखाली वाटाण्याएवढ्या दोन कठीण गाठी आहेत; मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींच्या गाठी. पंधरा वर्षांवरच्या ग्रे घोड्यांपैकी ७० ते ८० टक्क्यांत या गाठी आढळतात. बऱ्याच जणांत वर्षानुवर्षं संथ राहतात, काहींत त्रास देतात. चांदणीच्या गाठी आम्ही दर सहा महिन्यांनी मोजतो. लेक ग्रे नसेल तर ही टांगती तलवार तिच्यावर जवळजवळ नसेल. हे मी त्यांची समजूत घालायला म्हटलं नाही. शिंगराचा रंग नीट ओळखण्याला माझ्या लेखी एवढी किंमत आहे ती याचसाठी: पुढची वीस-पंचवीस वर्षं त्या जनावराच्या शेपटीखाली कोणी नियमित बघायचं की नाही, हे त्यातून ठरतं.

अकरावा आठवडा: चष्मा

अकराव्या आठवड्यात ताईंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "डॉक्टर, डोळ्यांभोवती पांढरं आलंय! तुम्ही म्हणाला होतात तसंच!"

फोटो पाठवला होता. दोन्ही डोळ्यांभोवती फिकट कडं, अगदी चष्मा घातल्यासारखं. फोटोवरून मीही पाच मिनिटं डळमळलो.

गेलो, बघितलं. शिंगराचे पहिले केस गळायला सुरुवात डोळ्यांभोवती, तोंडाच्या टोकाशी आणि पायांवर होते. गळण्याआधी ते उन्हाने विटून अगदी फिकट होतात. म्हणजे ग्रेची पहिली खूण आणि केस गळण्याची पहिली खूण एकाच जागी, साधारण एकाच वयात येतात. दुरून दोन्ही सारखीच दिसतात.

फरक बोटाखाली कळतो. मी डाव्या डोळ्यावरचे केस अंगठ्याने मागे सारले. वरचे जुने केस टोकाला पिवळट, मुळाशी राखाडी, आणि ओढले की हातात येणारे. त्यांच्या खालून, कातडीलगत, आखूड, ताठ, नवे केस येत होते. सगळे काळे. रात्रीच्या आकाशासारखे काळे, आणि त्यात एकही पांढरा नाही. ग्रे असती तर त्या नव्या केसांतच पांढरे मिसळलेले दिसले असते. जुना केस फिकट झाला म्हणजे काही नाही. नवा केस कुठल्या रंगाचा उगवतो तेवढंच बघायचं.

ताईंना जवळ बोलावून ते दाखवलं. त्यांनी चष्मा लावून, नाक शिंगराच्या गालाला लागेल इतकं वाकून बघितलं. "काळे आहेत," म्हणाल्या. मग स्वतःच त्या जागी हलकेच फुंकर मारली, आणि सैल झालेले चार फिकट केस उडून गेले.

तपासणी

चौथ्या महिन्यापर्यंत डोकं, मान आणि पाय काळे झाले होते, पाठ अजून उंदरी. पट्टा तसाच. काका डनवर ठाम, मी थोडा कमी ठाम. शेपटीचे २५-३० केस मुळांसकट उपटून प्रयोगशाळेत पाठवले. केस कापून पाठवले तर उपयोग नाही. लागतो तो मुळाचा पांढरा कोंब. ताईंनी या खेपेला चांदणीचेही पाठवायला लावले आणि नराच्या मालकांनी त्याचे दिले.

शिंगराचा निकाल: ग्रे नाही. काळ्याची एक शाबूत, एक अधू प्रत. अगुटीच्या दोन्ही प्रती हद्द न घालणाऱ्या, म्हणजे काळी. क्रीम नाही. डन नाही, पण डनच्या जागी एक प्रत 'नॉन-डन १' आणि एक 'नॉन-डन २'.

काकांचं बोट जिथे होतं तिथे खरोखर काही होतं. टीबीएक्स३ या जनुकाचा हा उलगडा २०१६ साली प्रसिद्ध झाला. डन घोड्याच्या केसात रंगद्रव्य एकाच बाजूला भरतं, म्हणून अंग फिकट दिसतं आणि पट्टा जसाच्या तसा गडद राहतो. नॉन-डन १ अंग फिकट करत नाही, पण पट्ट्याची अंधूक खूण ठेवू शकतो. नॉन-डन २ मध्ये तीही सहसा नसते.

चांदणीचा निकाल: ग्रेची एक प्रत, काळ्याची एक शाबूत, अगुटीची एक हद्द घालणारी व एक न घालणारी. म्हणजे ती जन्मली तेव्हा मूळची बे होती. ताईंना हे कळल्यावर त्या तबेल्यात जाऊन बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. नराकडेही अगुटीच्या दोन वेगवेगळ्या प्रती. चेस्टनट असल्यामुळे त्या त्याच्या अंगावर कधी दिसणारच नव्हत्या.

आता मागे जाऊन हिशोब करता आला. या जोडीच्या सोळा शिंगरांत सरासरी आठ ग्रे, चार चेस्टनट, तीन बे आणि एक काळं. आमच्या वाट्याला सोळातलं ते एक आलं होतं. घोडी भरवण्याआधी तपासणी केली असती, तर काळ्यावर कोणी पैज लावली नसती. तरीही त्या सकाळी फिकट पाय, स्वच्छ पापण्या आणि लाल झाक नसलेलं अंग यांनी बरोबर काळ्याकडेच नेलं. आकडे शिंगरू पोटात असेपर्यंतच्या कामाचे. ते समोर उभं राहिलं की मी त्याच्या अंगावरच्या खुणांना जास्त वजन देतो.

त्यानंतर

पहिल्या वर्षाच्या अखेरीस ती उन्हाने तांबूस झाली, बरगड्यांवर तर गंजल्यासारखी. ती बे असल्याचं दोघा पाहुण्यांनी ताईंना छातीठोकपणे सांगितलं. काळे केस उन्हात आणि घामात विटतात. हिवाळी केस गळले की खालून पुन्हा काळे निघतात, तसे निघाले. कागदावर रंग आम्ही निकाल हातात आल्यावरच भरला: काळी, कपाळावर लहान चांद.

आज ती दोन वर्षांची आहे, नाव काजळ. पाठीवरचा पट्टा एरवी दिसत नाही. कोट विटतो त्या दिवसांत खरारा करून तिला तिरप्या उन्हात उभं केलं, तर कण्यावरून शेपटीपर्यंत एक बोटभर रुंद, किंचित जास्त काळी रेघ उमटते. आलेल्या प्रत्येकाला काका ती दाखवतात.

चांदणी याच नराकडून पुन्हा गाभण आहे, आज २९६ वा दिवस. सोळाचा हिशोब ताईंना पाठ झाला आहे. परवा त्यांनी मला विचारलं, "या वेळी काळ्या पायांचं झालं, तर पापण्या मी बघू का आधी?" बघा म्हटलं. फक्त दूध पिऊन झाल्यावर, आणि दिवसाउजेडी.